राखणदाराचा वाटा

सोमवार. अकराव्या महिन्याची वद्य द्वादशी

तुझ्या चपला जिन्यात आहेत, प्रांग. आठवतंय ना, की पायात काही घालायचं असतं हेही विसरलीस? काल उंदीर आणलेस, त्यांचा भुसा आणलास, त्यांचं खाणं, बाटल्या, गरमी मोजायची काडी, सगळं नावं घेऊन घेऊन होडीतून उतरवलंस, आणि परत जाताना अनवाणी गेलीस. उंदरांचे आजे-पणजे तुला तोंडपाठ, पण स्वतःचे पाय काही लक्षात राहत नाहीत. एवढं शिकून माणसाचं असं होत असेल तर मी शाळेची पायरी चढले नाही तेच बरं झालं.

तूच सांगून गेलीस, "याई, रोजची नोंद ठेव. कोण खातंय, कोण नाही, कोण व्यालं, कोण मेलं." तुझ्या या आजीला, याईला, अक्षर येत नाही हे तरी तू विसरली नसशील. म्हणून मी बोलते आणि तुझा भाऊ लिहितो. मी सांगेन ते सगळं लिहायचं, मनाचं काही घालायचं नाही, असं पियाकला बजावलंय. तो म्हणतो, "तू मध्ये श्वास घेतलास तर मलाही घेता येईल." एकोणीस वर्षांचा झालाय. अंगात ताकद नाही ती सगळी जिभेत उतरलीय.

तर नोंद. उंदीर मजेत आहेत. खोकी तू ठेवलीस तिथेच, जेवणाच्या कपाटावर. कपाटाच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या आहेत, त्यामुळे मुंग्यांची भीती नाही. पुराचं पाणी तुझ्या चपलांपासून चार पायऱ्या खाली आहे. घर खांबांवर बांधायची अक्कल ज्या पूर्वजाला झाली त्याला आज हात जोडले.

पपनसाची बाग बुडाली. फक्त वरचा पाला दिसतो, आणि पाण्यावर तरंगणारी फळं. झाडं अजून हिरवीगार आहेत. त्यांना अजून कळलेलं नाही.

आणखी एक. वर येताना तू जिन्यात मध्येच बसलीस आणि म्हणालीस, खोकी जड आहेत. उंदरांची खोकी?

पियाकने इथे पेन खाली ठेवलं. म्हणतो, हे उंदरांच्या नोंदीत येत नाही. बरं.

बुधवार. वद्य चतुर्दशी

पलीकडच्या बागेतला चोम होडी घेऊन आला. तुम्ही त्याला लुंग म्हणता, काका म्हणून. माझ्यासाठी तो नुसता चोम आहे, त्याला मी चड्डीशिवाय पाहिलाय. (हे लिही, पियाक. त्याला वाचून दाखव.)

त्याने उंदीर पाहिले आणि विचारलं, "ताई, पुराबरोबर फुकट वाहून येतायत, तेवढे पुरेनात म्हणून नातीने हे आणले?"

मग मी त्याला तू मला सांगितलंस तसं सांगितलं. पियाकच्या हृदयाच्या मांसात एक कळ जन्मापासून मोडकी आहे. तुझा शब्द जनुक, मी कळ म्हणते, मला तेवढंच कळतं. माझ्या लेकीला, तुमच्या आईलाही तीच मोडकी मिळाली होती आणि ती चाळिशी न बघता गेली. ती कळ काय काम करते, पोटातल्या बाळाचं हृदय घडताना काय करते, मोठेपणी काय करते, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. म्हणून प्रांगने आणि तिच्या सरांनी तीच कळ उंदरांत मोडली, आणि आता काय काय बिघडतं ते बघत बसलेत.

"म्हणजे धडधाकट उंदीर मुद्दाम बिघडवायचा?"

"आमचे हे रेडिओचं असंच करायचे. कुठला भाग कशाला आहे ते कळलं नाही की तो उपटायचा आणि काय बंद पडतं ते ऐकायचं."

"मग कळायचं?"

"कळायचं की. रेडिओ परत वाजायचा नाही, ते वेगळं."

पियाक इतका हसला की त्याला खोकला लागला आणि मग आडवं व्हावं लागलं. त्यामुळे आजची नोंद दुपारी अर्धी राहिली आणि आता संध्याकाळी पुरी करतोय.

चाकावाल्या म्हाताऱ्या नराचं नाव पियाकने शेठ ठेवलंय. साधं पाणी पिणारे त्याचे सगळे भाऊ छाती फुगून गेले, हा निळ्या झाकणाच्या बाटलीतलं तुझं औषध पितो आणि अजून चाकावर पळतो. तू जाताना म्हणालीस, "याई, याला जीव लावून जप. हा का जगतोय ते कळलं तर पियाकसाठी काहीतरी हाती लागेल." आणि हेही म्हणालीस की तुमच्या तिथल्या बाकी सगळ्या जातींचं बी बर्फात जपून ठेवलेलं आहे, या जातीचं ठेवायचं होतं त्याच आठवड्यात तुमच्या प्रयोगशाळेत पाणी शिरलं नि वीज गेली. म्हणजे ही जात जगात एवढीच. आमच्या कपाटावर, माशाच्या सॉसच्या बाटलीशेजारी.

मी विचारलं, मग निळ्या बाटलीतलं चमचाभर पियाकलाही पाजू का? पियाक म्हणाला, "ते उंदरांच्या मापाचं आहे, याई. माणसाला ते तारतं की मारतं हे अजून प्रांगताईलाही माहीत नाही." म्हटलं, तुझ्यात आणि त्याच्यात एकच खोट, म्हणजे नात्याने तू शेठचा मामाच झालास. मामाने भाच्याच्या पेल्यातलं घोटभर घेतलं तर काय बिघडलं? हसला, पण नाही प्यायला.

शनिवार. बाराव्या महिन्याची शुद्ध तृतीया

बदामी कानांची मादी व्याली. पिल्लं भिजवलेल्या शेंगदाण्याएवढी, तशीच गुलाबी. हात लावायचा नाही असं तू सांगितलंयस, म्हणून मी लांबूनच गोंजारलं.

त्यातली दोन पांढुरकी होती. संध्याकाळी ती दिसेनात. आईने खाल्ली. तू म्हणाली होतीस, तसं होतं, नोंद कर आणि तिला नावं ठेवू नकोस. मी ठेवत नाही. तिला आपल्या आधी कळलं असणार, एवढंच म्हणते.

पियाक आता उशांना टेकून बसूनच झोपतो. म्हणतो, आडवं झालं की पाणी छातीवर चढतं. म्हटलं, गाढवा, पाणी अजून जिन्यात आहे! तर म्हणाला, "हो याई, जिन्यातच आहे."

शेठचं चाक कुरकुरत असतं. मी त्याला खोबरेल लावणार होते. पियाक नको म्हणाला. त्याला तो आवाज ऐकत बसायचं असतं. "तो पळतोय तोवर बरं वाटतं," म्हणतो.

सोमवार. शुद्ध पंचमी

घरात धामण आली. माझ्या मनगटाएवढी जाड, स्वयंपाकघरावरच्या तुळईवर ऐसपैस पडलीय, भाडं भरल्यासारखी.

चोम बांबू घेऊनच वर आला. मी त्याचा हात धरला.

"अरे, अंगणातल्या खांबावरचं राखणदाराचं घर कधीचं पाण्याखाली गेलंय. त्याने जायचं कुठे? आपल्याच घरात येणार ना? तुझ्याकडे नाही आला. तुझ्या घरात दारूचा वास येतो."

"ताई, ही राखणदार नाही, धामण आहे. धामण उंदीर खाते."

"ते मला तू सांगणार? म्हणून तर आधी तिचं पोट भरते."

उदबत्त्या लावल्या, हात जोडले, नीट सांगितलं: बाबा, तुझं घर बुडालं, आमचं अजून आहे, बस वर आरामात. वाहून आलेले उंदीर सगळे तुझे. कपाटावरचे मात्र नातीचे आहेत, त्यांना हात लावायचा नाही. मग चोमकडून बदकाचं अंडं तुळईवर ठेववलं. ठेवताना त्याने डोळे घट्ट मिटले होते आणि मला त्याचं फार सुख झालं.

पियाक म्हणाला, "मारू नका. पण लुंगला तिला पोत्यात घालून लांब सोडून येऊ दे, याई."

"पुरात? घरच्या राखणदाराला पोत्यात घालून?"

नंतर एकेक खोकं घेऊन त्याने झाकणं सुतळीने आवळून बांधली. फार वेळ लागला त्याला. एक खोकं झालं की खाली बसायचा.

फोनवर तुला धामणीचं बोलू नकोस असं मी त्याला सांगितलंय. तिथे बसून तू काय करणार, उगाच जीव टांगणीला. इथे लिहिलंय, सावकाश वाच.

गुरुवार. शुद्ध अष्टमी

आज उपासाचा वार. भिक्खू होडीतून भिक्षेला आले. मी जिन्यावरून भात वाढला. पाणी तुझ्या चपलांच्या खालच्या पायरीला आलंय, म्हणून चपला एक पायरी वर ठेवल्या.

पियाकचे पाय सुजलेत. अंगठ्याने दाबलं तर मळलेल्या पिठासारखा खड्डा तसाच राहतो. त्याच्या चपला त्याला होईनात. म्हटलं, सारखा पाण्याशी जाऊन बसतोस म्हणून. तो म्हणाला, "हो याई, पाण्यामुळेच."

दुपारी दवाखान्याची होडी आली. नर्सने त्याच्या छातीला नळी लावून ऐकलं, परत ऐकलं, गोळ्या वाढवल्या, आणि म्हणाली, आजच्या आज मोठ्या हॉस्पिटलात चल. हा काय म्हणाला माहीत आहे?

"उंदरांना कोण बघेल? ताई आली की जातो."

"आजी आहेत ना."

"आजीला निळं झाकण आणि पांढरं झाकण कळतं, पण ती दया आली की सगळ्यांनाच निळं पाजेल."

नर्स हसली नाही. जाताना मला म्हणाली, आजी, त्याला समजवा. मी समजावलं. ऐकेल तर तुझा भाऊ कसला.

मग मी तुळईखाली बसले आणि नवस केला. तो असा: या घरातलं तुला हवं ते घे. बाग घेतलीसच. माझी पानसुपारीची डबी घे, हंडे घे, मी आहे ती मला घे, जुनी असले तरी चिवट नाही. फक्त या पोराला हात लावू नकोस. तो राहिला तर बदकाची नऊ अंडी उकडून तुझ्यापुढे ठेवेन आणि या गुडघ्यांनिशी तुझ्यापुढे नाचेन.

पियाकने भिंतीपलीकडून सगळं ऐकलं. आता लिहिताना म्हणतोय, "माझ्यावरचा नवस माझ्याकडूनच लिहून घेतेस?"

"दुसरं कोण आहे लिहायला?"

"आणि 'हवं ते घे' असं मोघम कशाला बोललीस? यादी द्यायची होतीस."

"देवाशी घासाघीस करत नाहीत."

"तुला नाचताना बघायचं तर जगायलाच पाहिजे," म्हणाला. मग पेन ठेवून डोळे मिटून बसला.

शुक्रवार. शुद्ध नवमी

कौल मिळाला. पियाक काल सूर्य बुडल्यापासून झोपला तो सकाळी हलवलं तरी उठेना, इतकी गाढ झोप. कित्येक दिवसांत असा झोपला नव्हता. ओठ जांभळं खाल्ल्यासारखे झालेत, पण हवेत गारवा आहे.

तुळईवरचं अंडं संपलं. माझ्याकडचं ते शेवटचं होतं. बदकं पाण्याबरोबर गेली.

शेठ आज चाकावर थोडाच वेळ चढला. मग चाकाखाली पाय पोटाशी घेऊन बसून राहिला. पियाक म्हणाला, याची वेगळी नोंद कर, ताईला महत्त्वाची आहे. तर ही वेगळी.

अक्षर वाकडं आलं असेल तर भावाला रागाव. मी नीटच सांगितलंय.

रविवार. शुद्ध एकादशी

आजपासून चोम लिहितोय. जीभ बाहेर काढून लिहितो. त्याचं अक्षर तुला लागलं तर लागलं. मध्येच कुठे "मी सांगितलं होतं" असं दिसलं तर ते माझं नाही.

काल पहाटे मी चूल फुंकत होते. धाडकन आवाज झाला. धामण तुळईवरून कपाटावर उतरली होती आणि तिने खोकी एकामागून एक खाली लोटली. पियाकने बांधलेल्या सुतळ्या तशाच, गाठी पक्क्या. खोकीच तडकली. आणि आपल्या घराची जमीन तुला माहीत आहे, फळ्यांमध्ये फटी ठेवलेल्या, खालून वारा यावा आणि केर झाडला की आपोआप खाली पडावा म्हणून. उंदीर त्या केरासारखे गेले. मी पदराने फटी झाकत होते, प्रांग. एका म्हातारीला किती पदर असतो?

बदामी कानांच्या आईचं खोकं तेवढं कपाटाच्या कडेला अडकलं होतं. त्याला एक तडा गेला होता, त्यातून धामण आत शिरली. आई नाही, पिल्लं नाहीत. धामणीच्या अंगावर गाठी आल्या होत्या आणि शिरली त्या तड्यातून तिला बाहेर येता येत नव्हतं. आतून माझ्याकडे बघत होती.

पियाक उठला कधी ते मला दिसलं नाही. खालून त्याचा आवाज आला: "शेठ पोहतोय! याई, शेठ पोहतोय!" असा लहानपणीसारखा ओरडला. जाऊन बघते तर बुडालेल्या पायरीवर छातीइतक्या पाण्यात, एक हात वर, त्या हातात शेठ. पायऱ्या चढून तुझ्या चपलांपर्यंत आला, तिथे बसला, आणि मग मी हाका मारत राहिले.

चोम तेवढ्यात होडी घेऊन आला. दोघांनी त्याला होडीत घेतलं. रस्त्यावर सैनिकांची मोठी बोट होती, तिने पुढे नेलं. मला चढू दिलं नाही, जागा नव्हती. त्याची मूठ चोमने उघडली तेव्हा शेठ गेलेला होता. पाण्याने नाही, चोम म्हणतो, अंग जवळजवळ कोरडं होतं. एवढंसं हृदय, त्यात मोडकं, एवढी धावपळ. मी त्याला केळीच्या पानात गुंडाळून पाण्यात सोडलं. पुरायला जमीन कुठे आहे?

चोम बांबू घेऊन धामणीकडे निघाला होता. मी आडवी झाले.

"ताई, आता तरी!"

"तिने वाटा घेतला. मी म्हटलं होतं, हवं ते घे. तिने उंदीर घेतले, पोराला सोडलं. ठरलेलं मोडलं तर ती उरलेलंही मागेल."

"ठरलेलं! कोणाशी ठरलं? जनावराशी?"

मी सुरीने खोकं चिरलं. धामण खांबावरून हळूहळू वर गेली. जड झाली होती. चोम हे लिहिताना दात खातोय, मला ऐकू येतंय.

मंगळवार. शुद्ध त्रयोदशी

देवळातल्या जनरेटरवर चोमचा फोन भरून आला आणि तू लागलीस, हॉस्पिटलातून.

पियाक कसा आहे विचारलं. "झोपवलंय," म्हणालीस. झोपलाय नाही, झोपवलंय. तोंडात नळी आहे म्हणालीस. म्हटलं, त्याच्या तोंडाला कुणीतरी बूच लावायलाच हवं होतं. तू हसली नाहीस.

मग मी उंदरांचं सांगितलं. सगळं सांगितलं, नवससुद्धा. चोमला वाटलं फोन तुटला, त्याने हलवून बघितला.

"याई, ते शेवटचे होते."

"अगं, उंदीर कधी संपलेत का जगातले?"

"हे संपले."

"मग पुन्हा मोडा ती कळ. एकदा जमलं ते दुसऱ्यांदा लवकर जमेल."

"तीन वर्षं लागली होती."

"मग तीन वर्षं थांबू."

"कोण थांबणार, याई?"

तू रडत नव्हतीस. रडली असतीस तर काय करायचं ते मला माहीत आहे. नाक पूस, भात खा, झोप. पण तू जेवणाच्या पंगतीत मीठ मागावं तशा आवाजात विचारलंस. मग मी मनात कित्येक दिवस असलेलं विचारलं: तू स्वतःची ती कळ तपासून घेतलीस का? तू म्हणालीस, बॅटरी संपत आली, ठेवते.

संध्याकाळी चोम जिन्यात बसला होता. तुझ्या चपला उलटसुलट करून बघत होता. म्हणाला, "ताई, प्रांगला या अजून होतात का हो?"

"न व्हायला काय झालं? परवाच्या नवीन वर्षाला घेतल्यात."

"नाही, पियाकला त्याच्या होत नव्हत्या ना, म्हणून म्हटलं."

मी त्याला म्हटलं, तू आपला लिही. मग मीच त्या चपला त्याच्या हातातून घेऊन पायरीवर नीट ठेवल्या. आज इतकंच.

गुरुवार. पौर्णिमा

पाण्याची माफी मागायचा दिवस. वर्षभर आपण त्यात धुतो, थुंकतो, म्हणून आज दिवे सोडून क्षमा मागायची. यंदा खरं तर पाण्यानेच आपली मागायला हवी होती. पण ते मोठं आहे, ते कशाला मागेल?

चोमने केळीच्या सोपटाची होडी केली. फुलं नव्हती, सगळी बाग पाण्यात. मी त्यात उंदरांचं उरलेलं खाणं ठेवलं, एक मेणबत्ती, तीन उदबत्त्या. आठवतंय, तू एकदा मला तुमच्या तिथे नेलं होतंस, वर्षातून एकदा उंदरांसाठी पुण्य करतात तेव्हा? भिक्खू मंत्र म्हणत होते आणि पांढरे डगले घातलेली एवढी शिकलेली माणसं हात जोडून, पाणी सोडून, मेलेल्या उंदरांना आपलं पुण्य देत होती. मला हसू आलं होतं आणि तू मला कोपराने ढोसलं होतंस.

आज मी तसंच पाणी सोडलं. शेठ, बदामी कान, तिची गुलाबी पिल्लं, ती दोन पांढुरकी, आणि ज्यांची नावं पियाकने ठेवली नव्हती ते सगळे. म्हटलं, तुम्ही आमची खोट अंगावर घेतलीत. आमच्यासाठीच मोडलेले तुम्ही. पुढच्या जन्मी धडधाकट व्हा, आणि उंदीर होऊ नका.

होडी खांबाला अडकली. चोमने वल्ह्याने ढकलली. दिवा विझला, पण गेली.

पपनसाची पानं पिवळी पडायला लागली. आता त्यांना कळलं.

शनिवार. वद्य द्वितीया

प्रांग, तुझा फोन सकाळी आला. हे लिहून झालं की चोम वही घेऊन रस्त्यापर्यंत येईल आणि तिथून सैनिकांच्या बोटीने आजच हॉस्पिटलात तुझ्या हातात देईल, कारण तू फोनवर अर्धं ऐकतेस आणि ते अर्धंही विसरतेस.

पियाकला घरी पाठवतायत! मी चोमला म्हटलं, बघ. राखणदार आपल्या बोलाला पक्का निघाला की नाही? उंदीर घेतले, पोरगा परत केला. दवाखाने माणूस बरा झाल्याशिवाय घरी धाडतात का कधी? चोम होडीचा दोर सोडून पुन्हा बांधत बसला. 

तू म्हणालीस, डॉक्टर म्हणाले, घरी न्या. आपल्या घरात असलेलं बरं. बोटीतून एक नर्स बरोबर येईल, हाताने रबराचा फुगा दाबून त्याला श्वास देत, सगळ्या वाटेने.

"एवढी मोठी सोय? मग घरी पोचल्यावर?"

"घरी पोचल्यावर तिचं काम संपतं, याई."

बरं. लांबून येणार, दमलेली असेल बिचारी. तिचंही पान मांडते.

आणखी काही विचारलं नाही मी. तूही सांगितलं नाहीस. आपण दोघी तशा शहाण्या आहोत.

त्याची चटई खिडकीपाशी घातलीय, तिथून वारा येतो. उशा रचल्यात, त्याला बसून झोपायची सवय आहे. शेठचं चाक फळ्यांच्या फटीत अडकून राहिलं होतं, ते काढून, पुसून त्याच्या उशाशी ठेवलंय. त्याला खोबरेल लावलेलं नाही. फिरवलं तर कुरकुरतं.

धामण अजून तुळईवरच आहे. अंगावरच्या गाठी उतरल्या. बारीक दिसते. आज मी चटई घालत होते तेव्हा मान खाली काढून बघत होती. मी तिला म्हटलं, ठरलंय ते ठरलंय. नवस उद्याच फेडते. गुडघे आज जरा चोळून ठेवले.

तुझ्या दोन्ही चपला वर आणून ठेवल्यात. होत नसतील तर घालू नकोस. मी काही बोलणार नाही.

चोम लिहायचा थांबलाय. मान फिरवून बसलाय. विचारलं तर म्हणतो, डोळ्यात चिलट गेलं. एवढ्या मोठ्या पुरात त्या चिलटाला याचाच डोळा सापडला. लिही रे रेड्या, मुख्य ते राहिलंय.

हे नीट वाच, विसरू नकोस. राखणदारासाठी बदकाची नऊ अंडी आण. उकडून आण, इथे चुलीला कोरडं लाकूड नाही. सोलू नकोस. आणि पियाकसाठी हॉस्पिटलाच्या बाहेर कुणी बसत असेल तर नारळाच्या दुधातले आप्पे, कांदापात घातलेले, केळीच्या पानात बांधून. मऊ पांढरे घेऊ नकोस. त्याला कडेला करपलेले लागतात, बाईला तसं सांग. जरा जास्तच घे, त्यातले तूही खा. किती दिवस त्याच्या तोंडात नळीशिवाय काही गेलं नाही. घरी येईल तेव्हा भुकेला असेल.